शब्दाचा डाव

"हाही नको," बाबा म्हणाले. नवा चष्मा काढून त्यांनी काड्या मिटल्या आणि टेबलावरून तो थोरल्याकडे सरकवला.

थोरल्याने तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. काचेवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. "काय नको? नंबर मी स्वतः काढलाय. तक्त्यावरची शेवटची ओळ तुम्ही धडाधड म्हणून दाखवलीत. माझ्या दुकानात तरणी पोरं तिथे अडखळतात."

"तक्ता दिसतो. पेपर दिसत नाही."

"म्हणजे माझंच चुकलं."

"तुझं कुठे म्हणालो? चष्म्याचं म्हणालो."

धाकटीला हसू आलं. ते तिने कपाच्या आड लपवलं, पण थोरल्याने पाहायचं ते पाहिलं. आईच्या माघारी रविवारी दुपारी इथे जमायची पद्धत पडली होती. पूर्वी थोरल्याच्या घरचे आणि धाकटी समोरासमोर बसत आणि बाबा दोघांच्या मध्ये. आज धाकटीने आपली खुर्ची आधीच बाबांच्या बाजूला ओढून घेतली होती. आज कशावर बोलणं होणार, हे तिला ठाऊक होतं.

"पेपरवाला परवा मला रस्त्यात भेटला," सून म्हणाली. तिचं धुलाईचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला डाग निघणार नाही हे सांगण्याचा तिचा एक खास सौम्य आवाज होता. तोच तिने आत्ता काढला. "म्हणाला, तुमच्या सासऱ्यांनी सारखे पेपर बदलून मला हैराण केलंय. हा नको, तो आण. तो नको, आणखी कुठला असेल तर आण. शेवटी म्हणे, तुझ्या पेपरात नुसता कचरा छापलाय, म्हणून त्याच्याशी भांडलात."

"कचराच होता."

"बाबांचं काय सांगतेस वहिनी," धाकटी म्हणाली. "एक अनुस्वार गळला तरी त्यांना अन्न गोड लागत नाही."

हे खरं होतं. छापखान्यात बाबांचं सगळं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं. तिथे त्यांना 'अनुस्वार' म्हणूनच हाक मारत, पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही. निवृत्त झाल्यावर ते औषधांची वेष्टनं तपासू लागले, दुकानांच्या पाट्या तपासू लागले. थोरल्याच्या लग्नात आलेल्या शुभेच्छापत्रांतल्या चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून ठेवल्या होत्या. त्यावरून आईने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

"पेपरचं सोड," थोरला म्हणाला. "बसचं बोलू या."

धाकटीने कप खाली ठेवला.

"तू मला सांगितलं नाहीस. तुझ्याच आगारातल्या ड्रायव्हरने सांगितलं, तेही त्याच्या चष्म्याची काडी बसवताना. म्हणे, तुमचे वडील चुकीच्या बसमध्ये बसून पार शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि तिथे नुसते बाकावर बसून राहिले. ताईंनी येऊन नेलं, म्हणे. ताईंनी! आणि ताई मला फोनवर काय सांगतात? बाबा मजेत आहेत."

"डुलकी लागली होती त्यांना. सांगितलंय त्यांनी."

"बसमध्ये चढतानाच डुलकी लागली होती का?"

 बाबा खिडकीतून खाली बघत होते. खालच्या दुकानावर मोठी पाटी होती. वर्षानुवर्षं ते तिच्यातल्या एका चुकीच्या वेलांटीवर चिडत आले होते.

"मी सरळ सांगतो," थोरला म्हणाला. "बाबांनी आमच्याकडे राहायला यायचं. मागची खोली रिकामी केलीय. हिने पडदेसुद्धा धुतलेत."

"आणि त्यांना यायचं नसेल तर?"

"त्यांना यायचं नाही, की तुला त्यांनी जायला नकोय?"

 हे धाकटीच्या वर्मी लागलं. ती भाड्याच्या एका खोलीत राहायची. आठवडाभर आगाराची वेळापत्रकं लावायची, कुठली गाडी कुठून किती वाजता सुटेल ते ठरवायची, आणि तिला स्वतःला जायला ही एवढीच जागा होती. भावाकडे गेली की ती पाहुणी असायची. इथे ती आपल्या हाताने डबे उघडायची.

"मी इथेच राहणार," बाबा म्हणाले. "मला सगळं करता येतं. माझं मी बघतो."

"भांडताय का तुम्ही?" दारातून आवाज आला. थोरल्याची मुलगी, ठिणगी, आतल्या खोलीत बसून कंटाळली होती. तिच्या हातात पत्त्यांसारखा एक गठ्ठा होता. "भांडण झालं असेल तर खेळू या. बाईंनी शाळेत नवा खेळ शिकवलाय. माझ्याकडे पण आहे आता."

"आत्ता नको," तिची आई म्हणाली.

"आत्ताच खेळू," बाबा म्हणाले. "ये. इथे बस."

त्यांना तो विषय मोडायचा होता, एवढंच. ठिणगीने टेबलावरचे कप बाजूला केले, पानं पसरली, आणि ती बघून बाबांनी टेबलावरचा हात मागे घेतला. प्रत्येक पानावर एक शब्द छापलेला होता.

ते एका सकाळी सुरू झालं होतं. बाबांनी पेपर उघडला आणि त्यातलं एकही अक्षर त्यांना ओळखू येईना. अक्षरं दिसत होती, स्वच्छ, काळी, कडा धारदार. फक्त ती कुणाच्याच भाषेतली नव्हती. रात्री छापखान्यात कुणीतरी अक्षरांचे भलतेच खिळे जुळवलेत, अशी त्यांची खात्री झाली. पेपरवाल्याशी भांडण झालं ते त्या सकाळी. दुसरा पेपर तसाच निघाला, तिसरा तसाच. मग त्यांनी कपाटातलं जुनं पुस्तक काढलं, स्वतः तपासलेलं. तेही तसंच. तेव्हापासून चष्म्याचा नंबर चुकत होता.

"नीट ऐका हं सगळ्यांनी," ठिणगी म्हणाली. तिच्या आवाजात तिच्या बाई शिरल्या होत्या. "चार रंग आहेत. लाल, निळा, हिरवा, पिवळा. पानावर रंगाचं नाव लिहिलंय, पण ते दुसऱ्याच रंगात लिहिलंय. हे बघा, इथे 'हिरवा' लिहिलंय, पण शाई लाल आहे. कळलं?"

"लबाडी आहे ही," सून म्हणाली.

"तीच गंमत आहे, आई. पानं सारखी वाटायची, उलटी धरायची, बघायची नाहीत. एकेकाने आपलं वरचं पान मध्ये टाकायचं. पहिला डाव रंगाचा. आत्ता पडलेल्या पानाची शाई आणि त्याच्या खालच्या पानाची शाई एकच असली, की गठ्ठ्यावर हात मारायचा आणि शाईचा रंग ओरडायचा. शब्द वाचायचा नाही! जो पहिला हात मारेल आणि बरोबर ओरडेल, त्याला गठ्ठा. चुकलात तर सगळ्यांना आपलं एकेक पान द्यायचं."

"शब्द वाचायचाच नाही?" बाबांनी विचारलं.

"अजिबात नाही. शब्दाकडे बघायचंच नाही."

बाबांनी बाह्या दुमडल्या.

सुरुवातीची पानं पडली तशी थोरल्याने हात मारला आणि तो ओरडला, "पिवळा!"

"चूक! शाई निळी आहे. पिवळा लिहिलंय नुसतं."

"अरे, मला दिसतंय की निळी आहे. तोंडातून पिवळा आलं."

"काढा, एकेक पान काढा," धाकटी म्हणाली. "चष्मेवाल्यांना रंग दिसेनात."

पुढच्या खेपेला तीच फसली. हात पहिला पडला, रंगही दिसला, पण जीभ शब्दाच्या मागे गेली. सुनेने तर तोंडावर हात ठेवून चुकीचा शब्द गिळला आणि तोवर गठ्ठा गेला होता. गठ्ठा बाबांनी उचलला होता.

"लाल!" बाबा म्हणाले. मग, "हिरवा!" मग पुन्हा, "लाल!"

त्यांचा हात हलका पडायचा आणि शब्द त्याच्याबरोबरच यायचा, जराही न थबकता. पानं पडत होती ती त्यांना रंगीत खुणांसारखी दिसत होती, पाण्यावर पडलेल्या पाकळ्यांसारखी. किती तरी दिवसांनी एखादी गोष्ट त्यांना इतरांपेक्षा लवकर कळत होती. आपण हळू व्हायला हवं, निदान एकदा चुकायला हवं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. थोरला वैतागून हसत होता. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही रात्री सराव करता की काय?" ठिणगी खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली होती. शेवटी सगळी पानं बाबांपुढे जमली आणि ते धापा टाकत हसले.

"बघितलंस?" ते थोरल्याला म्हणाले. "म्हणे, एकटं राहता येणार नाही!"

"तुम्ही आमच्या शेजारच्या छोटीसारखे आहात, आजोबा," ठिणगी म्हणाली. "ती पण एकदाही चुकत नाही. आम्हाला सगळ्यांना हरवते."

"हुशार असेल ती."

"हुशार नाही, तिला वाचताच येत नाही! अजून शाळेत नाही जात ना ती. बाईंनी सांगितलंय, ज्याला वाचता येतं त्याचीच जीभ अडखळते. शब्द आपोआप आधी वाचला जातो, आपण नको म्हटलं तरी. तिला नुसता रंग दिसतो."

थोरला पानं पिसत होता. सून गार झालेल्या चहाकडे बघत होती. धाकटीने मात्र बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण ते आता कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखं दिसत होतं.

बस. पेपर. चष्मे. शेवटच्या थांब्यावर ती पोहोचली तेव्हा बाबा बाकावर बसून समोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या बघत होते. परत नेणारी गाडी त्यांच्या समोरच उभी होती. 'चढला का नाहीत?' असं तिने विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, 'तुझी वाट बघत होतो.' तिला त्याचं किती बरं वाटलं होतं.

"पुरे आता," ती एकदम म्हणाली. "मला निघायला हवं."

"आत्ता? हरल्यावर लगेच?" थोरला म्हणाला. "मला माझी पानं परत घ्यायचीत. ठिणगे, पुढचा डाव कसला?"

"शब्दाचा. तो अगदी सोपा आहे, सगळ्यांना येतो. आता रंगाकडे बघायचं नाही. दोन पानांवर एकच शब्द आला की हात मारायचा आणि शब्द ओरडायचा."

"मी चहा टाकतो," बाबा उठू लागले.

"चहा मी टाकते मागाहून. बसा तुम्ही," सून म्हणाली. "जिंकून पळायचं नाही."

बाबा बसले. धाकटीने खुर्ची आणखी जवळ घेतली. पानं पडू लागली. हा डाव खरंच सोपा होता. थोरला ओरडत होता, सून ओरडत होती, कुणी चुकत नव्हतं. बाबा आपलं पान वेळेवर टाकत होते आणि हात मांडीवर ठेवून बसले होते.

"आजोबा, झोपलात का?"

तेव्हा धाकटीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दाबला. लहानपणी ती पत्ते खेळताना असाच इशारा करायची आणि दोघं मिळून आईला फसवायची. बाबांचा हात सवयीने गठ्ठ्यावर पडला, सगळ्यांच्या आधी.

"वा!" ठिणगी म्हणाली. "बोला!"

बाबांनी पानाकडे पाहिलं. इशारा पायातून आला होता, शब्द येणार नव्हता.

"लाल," ते म्हणाले.

"शब्दाचा डाव आहे, आजोबा."

"हो, हो. पिवळा."

"असं काय करता? तो तर खालच्या पानाचा रंग आहे!"

थोरल्याचं हसू ओसरलं. त्याने वरचं पान उचलून बाबांसमोर सरळ धरलं, दुकानात धरतो तसं, हातभर अंतरावर. "बाबा, काय लिहिलंय?"

"दादा, राहू दे," धाकटी म्हणाली.

"तू थांब. बाबा, काय लिहिलंय इथे?"

बाबांनी उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर टेकवलं. पानाकडे बघत ते अक्षराची कड गिरवू लागले. आधी एक रेघ, मग गाठ, मग वर जाणारी वेलांटी. चुकलं, तेव्हा त्यांनी ते अदृश्य अक्षर तळव्याने पुसलं आणि पुन्हा सुरू केलं.  बोट फिरत राहिलं आणि ओठ त्याच्यामागून हलत राहिले.

"न," ते म्हणाले. "नि." बराच वेळ गेला. "ळा. निळा."

मग त्यांनी मान वर केली. "निळाच आहे ना?"

"हो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "निळाच आहे, बाबा."

एवढ्या कष्टाने आलेलं ते उत्तर चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं. तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"तो तक्ता," थोरला म्हणाला. "दुकानातला."

"आमच्याच छापखान्यात छापला होता. तुझं दुकान उघडलं तेव्हा. प्रूफ मीच तपासलं." बाबांनी खांदे उडवले. "पाठ आहे मला तो."

"आणि मी चष्म्यावर चष्मे बनवतोय! मला सांगायचं नाहीत का?"

"काय सांगणार? एका सकाळी पेपर उघडला आणि एकही अक्षर ओळखू येईना. मला वाटलं, चष्म्याचं असेल तर बरं. तू करतोच आहेस ते काम." ते पानांच्या कडा जुळवू लागले. "लिहिता येतं मला. अजून सगळं लिहिता येतं, ऱ्हस्वदीर्घासकट. लिहून झालं की ते काय आहे, ते मलाच कळत नाही. एवढंच."

"एवढंच!" धाकटी म्हणाली आणि उठून उभी राहिली. "एवढंच काय बाबा? गोळ्या कशा घेता?"

"रंगावरून."

"आणि दोन गोळ्या एकाच रंगाच्या दिल्या तर? दादा, यांना एकटं ठेवायचं नाही. आजच घेऊन जा तुझ्याकडे."

"मघाशी तूच म्हणत होतीस..."

"मघाशी मला माहीत नव्हतं!"

"पण मी काय म्हणतो," थोरला हळू आवाजात म्हणाला, "इथलं त्यांना सगळं सवयीचं आहे. आमच्याकडे नवं घर, नव्या वस्तू. मी रोज येऊन जाईन. दुकान उघडायच्या आधी येईन."

"तू येशील? गेल्या महिन्यात दोनदा आलास!"

"अहो, तुम्ही दोघं कुठे लागलात भांडायला?" सून मध्येच म्हणाली. आता तिचा आवाज सौम्य नव्हता. "घराचं राहू दे बाजूला. एका सकाळी अचानक असं झालं, म्हणजे डोक्यात काहीतरी झालंय. डॉक्टरकडे न्यायचं, आत्ता. रविवार असला तरी मोठा दवाखाना उघडा असतो. मी बाबांचे कपडे भरते."

ती आत गेली. दोघा भावंडांना एकमेकांकडे बघवेना.

"आजोबा," ठिणगी म्हणाली, "मी तुम्हाला वाचायला शिकवू?"

"शिकव की." बाबांनी पानं तिच्यापुढे ठेवली. "आज मात्र एक रंगाचा डाव टाक. मग निघू."

"बाबा, उशीर नको," थोरला म्हणाला.

"पिशवी भरून होईपर्यंत."

ठिणगीने पानं वाटली. थोरला बसला, धाकटी बसली. पानं एकामागून एक पडू लागली. पिवळं, निळं, लाल. मग हिरव्यावर हिरवं पडलं.

कुणाचाच हात हलला नाही.

बाबांनी वर पाहिलं. थोरल्याचे दोन्ही हात मांडीवर होते. धाकटी पानाकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती, डोळे भरलेले, ओठांवर उत्तेजन देणारं हसू. ठिणगीचा हात तेवढा वर गेला होता, पण तो हवेतच थांबला. आतल्या दारात तिची आई पिशवी घेऊन उभी होती आणि नजरेनेच तिला दटावत होती. पोरगी ओठ घट्ट मिटून बसली. तिला बरोबर उत्तर माहीत होतं, आणि ते तिने धरून ठेवलं होतं.

मघाचा डाव त्यांनी जिंकला होता. हा त्यांना दिला जात होता.

बाबांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "हिरवा," ते म्हणाले. पानं न उचलताच ते उठले. "चला."

जिना उतरायच्या आधी त्यांनी स्वतः कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं. थोरल्याने किल्लीसाठी हात पुढे केला होता. त्याला ओलांडून बाबांनी ती धाकटीच्या हातात ठेवली.

"दवाखान्यातून मी दादाकडेच जाईन," ते म्हणाले. "मला आता इथे परत आणू नका. तू मात्र येत जा रविवारची. खिडक्या उघडत जा."

थोरला पिशवी घेऊन पुढे झाला. सुनेने ठिणगीचा हात धरला. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.

"पण बाबा," धाकटी वरूनच म्हणाली, "इथे मी कुणाकडे येऊ?"

बाबा वळणावर थांबले. ऐकू आलं होतं त्यांना. त्यांचे ओठ हलले, मघाशी बोटामागून हलले होते तसे, पण या खेपेला गिरवायला समोर काहीच नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला.